दिवे लावा, मग पडदा दाखवा

रंगारीकाकांनी चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या, पण स्वतःच्या बैठकीच्या खोलीवर जेवढा जीव लावला तेवढा कुठेच लावला नाही. भिंती सायीच्या रंगाच्या, छतही तसंच. काकूंची नजर अधू झाली होती आणि त्या उजळ भिंतींमुळेच त्या कुणाचा हात न धरता घरभर फिरत होत्या.

काकू एकेकाळी शाळेत खेळ शिकवायच्या. टेनिस म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण टीव्हीवर चेंडू दिसेनासा झाला आणि त्यांनी सामने बघणंच सोडलं. कुणी लावला की मुकाट्याने स्वयंपाकघरात जायच्या. काकांना ते फार लागायचं.

मुलीने उपाय काढला. प्रोजेक्टर, म्हणजे भिंतभर चित्र! दुकानातून, चार दिवसांत परत करता येईल अशा बोलीवर, प्रोजेक्टर आणि पांढराशुभ्र पडदा आणला, दुपारी लावून बघितला, तर चित्र पाणी घातलेल्या दुधासारखं. विक्रेता फोनवर म्हणाला, खोली गडद रंगवून टाका.

"बाबा, तुम्हाला दोन दिवसांचं काम," मुलगी म्हणाली.

"काम दोन दिवसांचंच गं. पण मग तुझी आई भिंती चाचपत फिरेल. सामना दिसावा म्हणून तिचं घर काळोखं करू? रविवारी अंतिम सामना आहे ना? तोवर मला बघू दे. नाहीच जमलं तर ब्रश घेईन हातात."

दुसऱ्या दिवशी काका बैठकीच्या उरलेल्या रंगाने रंगवलेल्या दोन फळ्या काखेत मारून दुकानात हजर. पडदे लावून दाखवायची तिथली खोली काळीकुट्ट होती. तिथे प्रत्येक पडदा झकास दिसत होता.

"इथे माझ्या बनियनवरसुद्धा सिनेमा झकास दिसेल," काका म्हणाले. "दिवे लावा, मग पडदा दाखवा."

विक्रेत्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण त्याने दिवे लावले. काकांनी पांढऱ्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना फळ्या उभ्या केल्या. भिंती कशा चुगल्या करतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एका घरी त्यांनी भिंत लाल रंगवली, तर पांढरं छत गुलाबी दिसायला लागलं होतं आणि मालकाने छत बिघडवल्याचा आळ त्यांच्यावर घेतला होता. इथेही तेच. चित्राचा उजेड भिंतींवर जायचा, भिंती तो परत फेकायच्या आणि भोळा पांढरा पडदा सगळं पदरात घ्यायचा.

"बाजूचा उजेड मनावर न घेणारा पडदा आहे का?"

विक्रेत्याने कोपऱ्यातून एक राखाडी पडदा काढला. "हा बंद असला की मळका दिसतो, म्हणून कुणी विचारत नाही."

त्यावर चित्र पडलं आणि खेळाडूचे काळे बूट खरोखर काळे दिसले. काकांनी मांडीवर थाप मारली. चित्र जरा मंद होतं खरं, पण आता विक्रेत्यालाही चेव आला होता. जास्त प्रकाशाचा प्रोजेक्टर त्याने आपणहून आणून जोडला.

दोन्ही वस्तू घरी आल्या. रविवारी दुपारी चार वाजता काकांनी खिडकीचा एकच पडदा ओढला. खोली उजळच राहिली. काकू सवयीने चहा घेऊन आत निघाल्या.

"अगं, बस जरा. माझ्यासाठी."

त्या बसल्या. काका सामना बघतच नव्हते, त्यांची नजर काकूंच्या चेहऱ्यावर होती. एक गेम झाला, दुसरा झाला, तरी काकू आपल्या चहाच पीत होत्या. मनातल्या मनात काकांनी ब्रश भिजतसुद्धा घातला.

तेवढ्यात चेंडू कोपऱ्यात पडला, पंचाने तो बाहेर दिला आणि काकू ताडकन उठल्या.

"बाहेर कसला? रेषेला लागलाय! आंधळा आहे की काय मेला?"

पडद्यावर तोच चेंडू सावकाश पुन्हा आला आणि रेषेवर टेकला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. काकांना इतका आनंद झाला की हसू आणि रडू एकदमच आलं. मुलगी धावत जाऊन आईच्या गळ्यात पडली.

"अगं, बाजूला हो आधी," काकू तिच्या खांद्यावरून मान उंचावत म्हणाल्या. "मध्ये आलीस, मला दिसत नाहीये."