काटेकाकांनी मागे घेतलेलं माप

काटेकाका भाजी घ्यायला गेले की आधी भाजीकडे पाहत नसत, रिकाम्या काट्याकडे पाहत. वर काही ठेवलेलं नसताना आकडा शून्यावर आहे का, हे चष्मा कपाळावर चढवून, वाकून बघत आणि मगच पिशवी पुढे करत. कन्ना चौकातल्या भाजीवालीला ही सवय पाठ होती. "काका, मेथी बगा की, आत्ता उतरलीय. काट्यात काय बगताय?" ती म्हणायची. "मेथी तू बघ, बाई, ती तुला कळते. मला शून्य बघू दे." आकडा बरोबर असला की ते स्वतःशीच "सरी" म्हणत. गाव अक्कलकोटच्या बाजूचं, घरात कानडी. 'बरोबर आहे' एवढंच सांगणारा तो शब्द ते फार समाधानाने उच्चारत. आकडा चुकलेला असला की मात्र ते काहीच बोलत नसत. त्यांचं ते न बोलणं भल्याभल्या दुकानदारांना जड जाई.

त्यांचं आडनाव वेगळंच होतं. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात ते निरीक्षक होते. आडत्यांची वजनं, दुकानांतले काटे, पेट्रोल पंपांची मापं तपासत तीस-बत्तीस वर्षं जिल्हाभर फिरले, म्हणून काटेकाका. मंद्रूपच्या बाजारातला एक प्रसंग ते नेहमी सांगत. डोक्याला उपरणं गुंडाळून ते एका दुकानातून पाव किलो शेंगदाणे घेऊन बाहेर आले आणि पायरीवरच उभं राहून त्यांनी पिशवीतून स्वतःची वजनं काढली. दुकानदार धावत आला. "सायेब, तुमी आदी सांगायचं की वो!" काका म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर तुझा काटा खरा झाला असता. आता तुझ्यासमोर पुन्हा तोलतो. नीट बघ, माझं चुकलं तर सांग."

यातलं 'तुझ्यासमोर' त्यांना फार महत्त्वाचं वाटे. दुकानदाराच्या पाठीमागे केलेली तपासणी ही तपासणी नव्हे, चहाडी, असं ते म्हणत. पंचनाम्यावर दोन पंचांच्या सह्या हव्यात आणि ज्याचा काटा धरला त्याचीही हवी. एकदा लिहिलेला आकडा त्यांनी कधी खोडला नाही. "चुकलं असेल तर खाली लिहा की चुकलं. वरचं झाकू नका."

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. निवृत्तीनंतर काका रोज दुपारी वर्तमानपत्रं वाचायला येत. आमची ओळख अशी, की कित्येक दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो आणि तरी एखाद्या दिवशी ते आले नाहीत तर मला चुकल्यासारखं वाटे. मग श्रावणीचं प्रकरण झालं आणि त्या शांत माणसाचे शेवटचे महिने त्यात गेले. शेजारीण म्हणून श्रावणी त्यांची, आणि वाचक म्हणून माझी. वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात, आई विड्या वळते. घरात कॉलेज पुरं केलेली ही पहिली मुलगी. हैदराबादच्या एका विमा कंपनीचं काम तिला घरी बसून मिळालं होतं. दुपारी दोन ते रात्री दहा, पडद्यावर ग्राहकांशी बोलून त्यांची कागदपत्रं तपासायची. त्यासाठी तिने इंटरनेटची महागातली लाइन घेतली.

संध्याकाळी सात वाजले की ती लाइन मरगळे. समोरचा ग्राहक अर्ध्या वाक्यात गोठायचा, आवाज तुटायचा, आणि पलीकडच्या नोंदीत मात्र श्रावणी जागेवर नव्हती असं पडायचं. तक्रार केली की लाइनमन यायचा तो सकाळी अकरा वाजता. टेंभुर्णीकडचा, चाळिशीचा, भला माणूस. तो आपल्या मोबाइलवर माप घ्यायचा, माप पूर्ण भरायचं, आणि थोड्या वेळाने श्रावणीला संदेश यायचा की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

एकदा तो आला तेव्हा काका तिथेच होते. त्यांनी विचारलं, "हे तुम्ही कुठून कुठपर्यंत मोजलं?"

"हितनं आमच्या ऑफिसातल्या मशीनपर्यंत."

"तिचं काम हैदराबादला आहे. तिथपर्यंत मोजा की."

"काका, आमाला ह्येच ॲप दिलंय. दुसरं न्हाय चालत."

"मग संध्याकाळी आठला येऊन मोजा."

"आमची ड्युटी सहाला सुटती वो."

काका त्या दिवशी वाचनालयात आले ते तांबडे होऊन. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "बाई, दुकानदाराचा काटा, दुकानदाराची वजनं, आणि तोलणार कधी, तर दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा! आणि जाहिरातीत काय लिहिलंय वाचलंत? 'शंभरपर्यंत स्पीड.' दूधवाला म्हणाला, बाई, आज एक लिटरपर्यंत दूध देतो, तर तुम्ही त्याला दारात उभं कराल?" मी म्हटलं, याच्यावर कुणाचं तरी लक्ष असेलच ना. "आहे की. कंपनीने स्वतःच मोजायचं, दिवसभराची सरासरी काढायची आणि वर कळवायचं. रिकामी सकाळ भरलेल्या संध्याकाळीत मिसळली की सगळंच चांगलं दिसतं. मी आडत्याला विचारून त्याच्या काट्याचा अहवाल लिहिला असता, तर खात्याने मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं."

सत्तरी ओलांडलेला हा माणूस मग आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेतल्या मुलांकडून इंटरनेटचा वेग कसा मोजतात ते शिकला. कंपनीचं ॲप नको, दूरच्या शहरातल्या त्रयस्थ यंत्रापर्यंत मोजायचं; लॅपटॉप तारेने जोडायचा; त्या वेळी घरातले बाकीचे मोबाइल बंद. श्रावणीच्या आईने पहिल्या दिवशी टीव्ही बंद करायला नकार दिला. "मालिका संपू दे, अण्णा, मग मोजा." काकांनी मालिका संपेपर्यंत विडीच्या पानांच्या सुपाशेजारी बसून वाट पाहिली. दीड महिना रोज चार वेळा मापं घेतली. सकाळी लाइन ठीक असे. संध्याकाळी सात ते साडेनऊ ती कबूल केलेल्याच्या दहाव्या हिश्श्यावर येई.

तोवर श्रावणीच्या विमा कंपनीने तिला पंधरा दिवसांची मुदत दिली होती. दोष लाइनचा आहे असं दाखवा, नाहीतर तुम्ही कामाच्या वेळी गैरहजर होता असं धरू. काकांनी आपली सगळी मापं इंटरनेट कंपनीला पाठवून विमा कंपनीला दाखवण्यासाठी लेखी कबुली मागितली. चार ओळींचं उत्तर आलं. ही मापं आमच्या प्रतिनिधीच्या अनुपस्थितीत घेतली असल्याने ग्राह्य नाहीत.

मला ते उत्तर निर्लज्ज वाटलं. काकांना ते पटलं! आयुष्यभर ते स्वतः हेच सांगत आले होते. "चूक माझी आहे, बाई. मी त्यांच्यामागे मोजलं." त्यांनी कंपनीला रीतसर नोटीस लिहिली. अमुक वारी संध्याकाळी आठ वाजता अमुक घरी माप घेण्यात येईल, प्रतिनिधी पाठवावा, त्याच्यासमोर मोजू आणि सगळे सही करू. पंच म्हणून मी आणि गल्लीतले एक शिंपी.

त्या संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घातलेला एक साहेब आला. लाइनमन मागे उभा होता. काकांनी लॅपटॉप जोडला, सगळ्यांना पडदा दिसेल असा फिरवला. माप पूर्ण भरलं. पुन्हा घेतलं, पूर्ण. तिसऱ्यांदा, पूर्ण. साहेब हसून म्हणाला, "काका, आता समाधान?" श्रावणी माझ्याकडे बघत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. काकांनी आकडा लिहिला, सही केली. साहेबाने आणि आम्ही सह्या केल्या, एक प्रत त्याने नेली. ते "सरी" म्हणाले नाहीत. माप बरोबर येऊनही ते गप्प राहिले, असं मी तेव्हा प्रथमच पाहिलं.

साहेब गेला. नऊ वाजता लाइन पुन्हा मरगळली.

चार दिवसांत तो पंचनामा, काकांच्या वळणदार सहीसकट, इंटरनेट कंपनीने हैदराबादला पाठवला. श्रावणीचं काम गेलं. कार्यमुक्तीच्या पत्रावर शेरा आला: कामाच्या वेळेत वारंवार अनुपलब्ध. असं पत्र हातात असल्यावर पुढे तिला कोण उभं करणार होतं?

लाइनमननेच नंतर सांगितलं. काकांच्या दारात चहा पिताना त्याला राहवलं नाही. "काका, तुमचं पत्र आल्यावर वरनं फोन आला. त्या येळेपुरती त्या एका घराला वाट मोकळी करून दिली व्हती. ऑफिसात बसूनच करत्यात त्ये." मंद्रूपच्या दुकानदाराला पायरीवर गाठलं की तेवढ्यात त्याला काटा बदलता येत नसे. इथे काटा घरात नव्हताच. तो कुठल्या तरी खोलीत होता आणि काकांनी स्वतःच्या हाताने त्या खोलीला तारीख आणि वेळ कळवली होती. "हे लिहून द्याल?" त्यांनी विचारलं. "न्हाय काका. लेकरंबाळं हायत." काकांनी पुन्हा विचारलं नाही. बिस्किटाची बशी तेवढी पुढे सरकवली.

मी त्यांना म्हटलं, तो पंचनामा वगळा, बाकीची दीड महिन्याची मापं घेऊन विमा कंपनीत वर तक्रार करा. पुस्तकांत आयुष्य घालवलेल्या बाईने हे सुचवावं याची आज मला लाज वाटते. पण तेव्हा राग इतका होता की मी तो कागद फाडायलाही तयार होते. ते म्हणाले, "घेतलं तर आहेच ना आपण ते." मग त्यांनी पंचनाम्याखाली आपल्या हाताने लिहिलं: 'वरील माप विक्रेत्याला आगाऊ सूचना देऊन घेतले. ही माझी चूक. हे माप मी मागे घेतो.' सगळ्या नोकरीत एकही माप त्यांनी मागे घेतलं नव्हतं. खाली सही केली आणि सगळी मापं त्या पंचनाम्यासकट विमा कंपनीला पाठवली. श्रावणीच्या घरी जाऊन त्यांनी तिच्या आईवडिलांसमोर हात जोडले. वडील नुसतेच म्हणाले, "अण्णा, असं करू नका." आई आत निघून गेली.

विमा कंपनीच्या मराठी विभागाचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. ज्या अर्थी मापन करणाऱ्या व्यक्तीने स्वतःचेच मापन मागे घेतले आहे, त्या अर्थी सदर व्यक्तीची अन्य मापनेही विश्वासार्ह मानता येत नाहीत.

हे वाक्य मी कितीदा तरी वाचलं आहे. ज्याने कुणी ते लिहिलं, त्याला ते लिहून झाल्यावर जेवण गेलं असेल, झोप लागली असेल. फसवणाऱ्याला आपलं माप मागे घ्यावं लागलं नाही, कारण त्याने खरं माप कधी घेतलंच नव्हतं. चूक कबूल करणारा तेवढा खोटा ठरला. काकांनी ते पत्र दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, "मराठी चांगलं आहे हो याचं." तेवढंच. पुढे ते वाचनालयात येत, पण वर्तमानपत्र समोर तसंच राही. गेल्या महिन्यात ते गेले. डॉक्टर हृदय म्हणाले. मी डॉक्टर नाही. पण माझं मत वेगळं आहे.

त्यानंतर नवव्या की दहाव्या दिवशी श्रावणी वाचनालयात आली. पुण्याच्या एका संस्थेची मुलाखत होती, पडद्यावरच. घरच्या लाइनचा भरवसा नव्हता. अभ्यासिकेची लाइन दुसऱ्या कंपनीची आहे. मी तिला माझ्या टेबलाशी बसवलं आणि कपाटाआड कार्डं लावत राहिले. मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी शेऱ्याबद्दल विचारलंच. ती म्हणाली, "शेरा चुकीचा आहे, सर. लाइन बंद पडत होती हे सांगणारी दीड महिन्याची मापं माझ्याकडे आहेत. आणि उलट सांगणारा एक पंचनामा आहे. सगळं पाठवते."

"उलट सांगणारा कशाला पाठवता?"

"तो गाळला, तर माझ्यात आणि त्या कंपनीत फरक काय राहिला?"

चार दिवसांनी पत्र आलं. घेतलं होतं तिला. एक अट होती: घरी इंटरनेट उत्तम असल्याचा सेवा देणाऱ्या कंपनीचा दाखला जोडावा.

तो मागायला ती त्याच ऑफिसात गेली. दहा मिनिटांत मिळाला. कुणी घरी आलं नाही, कुणी काही मोजलं नाही. छापील कागदावर नाव घालून शिक्का मारून दिला. त्यावर 'सर्वोत्तम' असं लिहिलं होतं. जिची लाइन श्रावणीचं काम खाऊन बसली, तीच कंपनी तिला नवं काम मिळवून देत होती, त्याच खोटेपणाने. श्रावणीने तो कागद माझ्या टेबलावर ठेवला. जोडू नकोस, असं मी म्हटलं नाही. पोट तिचं होतं.

तिनेच मग विचारलं, "मॅडम, अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी असते ना? मी इथे बसून काम केलं तर चालेल? तुमच्या वाचनालयाचा दाखला द्याल? पुण्याला मी तसं कळवेन."

मी कार्यवाहांची परवानगी काढली. संध्याकाळी आठ वाजता, अभ्यासिका मुलांनी भरलेली असताना, कुणालाही न सांगता मी मोजायला बसले. तीनदा मोजलं. तीन आकडे आले, आणि त्यातला सर्वात लहान मी दाखल्यावर शाईने लिहिला.