लिमयेकाका आणि कमी लागलेला कर

परदेशातून आलेल्या पार्सलवर कर जास्त लागला म्हणून पोस्टमनशी भांडणारे पुण्यात पुष्कळ. कमी लागला म्हणून भांडणारे एकटे आमचे लिमयेकाका.

बिबवेवाडीत आमची दारं समोरासमोर होती. खडकीच्या कारखान्यात माल तपासण्यात काकांची हयात गेलेली. मुलगा मिलिंद अमेरिकेत संगणकाच्या नोकरीत. तो भेटी पाठवायचा आणि बाबांना भुर्दंड नको म्हणून पार्सलवर किंमत निम्मी लिहायचा. तेव्हा सगळेच तसं करत. काका मात्र दारात उभे राहून विचारत, "एवढ्यात स्वेटर येतो? दुकान दाखवा, मीही घेतो दोन. योग्य कर लावून आणा." पोस्टमन कपाळावर हात मारून जिना उतरायचा. पार्सल फेरतपासणीला जाई आणि पुढे कधीतरी पूर्ण कर भरून काका ते ऐटीत घरात घेत. आम्हाला मोठी गंमत वाटे.

काकूंना कर्करोग झाला आणि गंमत संपली. नातीला त्यांनी पाहिलंच नव्हतं. मिलिंदला रजा मिळेना, म्हणून त्याने एक इलेक्ट्रॉनिक फोटोफ्रेम पाठवली. "आईच्या उशाशी ठेवा. बटण दाबलं की छकुली चालताना दिसेल, 'आजी' म्हणून हाक मारेल," असं त्याने फोनवर सांगितलं होतं. काकू रोज विचारायच्या, "आलं का हो?"

आलं तेव्हा मी तिथेच होतो. वर लिहिलं होतं, जुनं खेळणं.

"हे खेळणं नाही. परत न्या," काका म्हणाले.

"अहो, घ्या ना," आतून काकूंचा आवाज आला. "या खेपेला घ्या."

"घेणारच आहे. खरा कर भरून घेतो. पंधरा दिवसांत येईल."

"काका, आत्ता घ्या, उरलेला कर नंतर भरा," मी म्हटलं.

"आपल्या सोयीने भरायला ती भिशी नाही," त्यांनी मला उडवून लावलं. मला त्यांचा संताप आला. आजही येतो.

या खेपेला कस्टमवाल्यांनी मूळ बिल मागितलं. मिलिंदने ते शोधून पाठवेपर्यंत मुदत उलटली आणि पार्सल अमेरिकेला परत गेलं. त्याच आठवड्यात काकू गेल्या. शेवटचे दोन दिवस त्यांनी काही विचारलं नाही.

मिलिंद आला, दिवस करून गेला. बापलेक फारसं बोलले नाहीत. महिन्याभराने काकांनी मला बोलावून त्याला फोन लावायला सांगितला. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून मी स्पीकर चालू केला.

"ते पार्सल पुन्हा पाठव," काका म्हणाले. "किंमत तुला वाटेल ती लिही. मी काही बोलणार नाही."

"बाबा, ते आईसाठी होतं."

"हो, ते आहेच. पण पाठव. पत्ता तोच आहे."

मिलिंदने फोन ठेवला होता. ते काकांना ऐकू आलं नव्हतं. ते पिनकोड सांगत होते.