खांडीची गोष्ट

"आकडे वाचू नका, गोष्ट सांगा," असं रोह्याला आमच्या संस्थेत शिकवायला आलेल्या तज्ज्ञांनी बजावलं होतं. एक माणूस घ्या, त्याच्यामागून आकडे आणा, मग लोक ऐकतात. मला ते पटलं. मी माझ्या काकीला घेतलं.

काकीचं शेत पेणच्या खाडीला लागून. खारं पाणी अडवणारा बाहेरकाठा, म्हणजे मातीचा मोठा बांध, एका उधाणात फुटला. त्या भगदाडाला आमच्याकडे खांड म्हणतात. खांड वेळेत बुजवली नाही की शेत खाडीचं होतं. काकीचं तसंच झालं. भात गेलं, चिखलात तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उगवली आणि बघता बघता डोक्याच्या वर गेली. बांध पुन्हा घालायचा आमचा प्रकल्प होता, आणि त्याची मंजुरी पेणच्या सभेत मिळायची होती.

मी जीव ओतून तयारी केली. उतरत्या पिकाच्या आलेखाशेजारी काकीच्या रिकाम्या कणगीचा फोटो लावला. शेवटी उपग्रहाची दोन चित्रं: भात कापल्यानंतरचं जुनं शेत आणि आजचं. काकीला मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलं. बिचारी ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती.

सभागृह शांत होतं, माझा आवाजही छान लागला होता. शेवटची चित्रं पडद्यावर आली आणि घाटावरून आलेले अध्यक्ष खूश झाले. "वा! आधी केवढं उजाड, आणि आता बघा, हिरवंगार!" मी "साहेब, ती तिवरं आहेत, तिथे भात व्हायचं," म्हणेपर्यंत टाळ्या सुरू झाल्या. मग कोणीतरी कायदा काढला. तिवरं तोडता येत नाहीत, म्हणजे बांधही घालता येत नाही. क्षेत्र राखीव करायची शिफारस तिथल्या तिथे झाली, आणि पुरावा म्हणून माझंच चित्र ठेवून घेतलं. मी हात वर केला, पण बोलायची वेळ संपली होती.

एस.टी. स्टँडवर काकीने माझा हात धरला. "किती टाल्या वाजल्या गो! बांध मंजूर झाला ना?"

"नाय, काकी. आता तिथं जंगल म्हणून लिवतील. तिवरं तोडायची नाय, बांध घालायचा नाय."

गाडी लागली तरी ती बाकावरून उठली नाही.

"मंग माजा शेत त्यांना दाखवलास कशाला गो?"