एक रात्र पुढे पळणारा चंद्र

माधवच्या बायकोचा, सुमनचा फोन सकाळीच पर्थला माझ्या लायब्ररीत आला. "लुईस, माधव गेला रे..." एवढंच ती बोलू शकली. याला आता दीड महिना होईल. पण माधव आठवला की दुःखाच्याही आधी त्याचा उत्साह आठवतो, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

माधव पुण्याचा, पर्थपासून सहाशे किलोमीटरवरच्या कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत इंजिनिअर. मी वसईचा, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत नोकरीला. सत्तरच्या दशकात ओळख झाली ती पुस्तकांमुळे. पर्थला आला की तो आधी माझ्याकडे यायचा. अशाच एका खेपेला मी त्याला एका बॅबिलोनी क्युनिफॉर्म पाटीच्या भाषांतराची फोटोकॉपी दिली. क्युनिफॉर्म म्हणजे ओल्या मातीवर पाचरीसारख्या खुणा उमटवून लिहायची लिपी. बॅबिलोनचे आकाशनिरीक्षक तिच्यात रोजचा चंद्र, ग्रह, जवाचा भाव, नदीचं पाणी असं सगळं टिपून ठेवत, आणि जाता जाता कानावर आलेल्या युद्धाच्या बातम्याही. अलेक्झांडरच्या सरदारांच्या मुलांमधलं, सीरियासाठी झालेलं एक युद्ध ग्रीक इतिहासकारांनी जवळजवळ विसरूनच टाकलं होतं. या पाटीत मात्र बॅबिलोनवर राज्य करणारा राजा इजिप्तच्या सैन्यावर चालून निघाला होता, आणि बॅक्ट्रियाच्या, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानच्या सुभेदाराने त्याच्यासाठी वीस हत्ती पाठवले होते.

"वीस हत्ती, लुईस! बॅक्ट्रिया म्हणजे आपल्या शेजारचंच की. आणि हे लिहितोय कोण, तर चंद्र बघत बसलेला माणूस."

पुढची दोन वर्षं तो त्या हत्तींच्या मागे होता. मग पर्थच्या इतिहास मंडळाने त्याला भाषणाला बोलावलं. खाणीबाहेरच्या कुणी त्याला बोलावण्याची ही पहिलीच वेळ. त्याला एक गोष्ट स्वतः ताडून पाहायची होती : पाटीतला चंद्र त्या वर्षीच्या खऱ्या चंद्राशी जुळतो का. जुळला, तर युद्धाचं सालही पक्कं. प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटरवर त्याने गणित मांडलं, आणि चंद्र जुळेना. प्रत्येक रात्री गणितातला चंद्र पाटीत लिहिलेल्या ताऱ्याच्या पुढे, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा.

भाषणाच्या आधीच्या शनिवारी मी कालगुर्लीला त्याच्याकडे होतो. "उद्या त्यांना फोन करून नाही म्हणून सांगतो," तो म्हणाला. "ज्याचा चंद्र पळतो त्याने हत्तींवर बोलू नये."

"दोन दिवस जेवलेला नाहीये नीट," सुमन म्हणाली. "त्या चंद्राला सांग काहीतरी."

मी बूट घालायला लागलो. "कुठे निघालास?" माधवने विचारलं.

"चर्चमध्ये, मिस्साला."

"तुमचा रविवार उद्या ना?"

"संध्याकाळ झाली की आमचा रविवार लागतो. आजचा मिस्सा उद्याचाच धरतात."

माधवने कॅल्क्युलेटर पुढे ओढला. पंचांगाच्या घरात वाढलेला तो. त्याचा दिवस सूर्योदयाला सुरू व्हायचा आणि रात्र त्याच्या मागून यायची. बॅबिलोनचा दिवस मात्र सूर्यास्ताला सुरू होत असे. त्यांची पाचवी रात्र पाचव्या दिवसाच्या आधी येऊन गेलेली असायची, आणि माधव तिला दिवस संपल्यावर शोधत होता; म्हणून त्याचा चंद्र एक रात्र पुढे पळत होता.

चर्चहून परतलो तर तो दारातच उभा. "जुळला. सगळ्या रात्री जुळल्या, मेट," तो खास ऑस्ट्रेलियन ढंगात म्हणाला. मागे सुमन त्याच्यासाठी भात वाढत होती.

भाषणात त्याने पहिले आभार वसईच्या चर्चचे मानले. लोक हसले, मग हत्ती आले आणि तासभर कुणी हललं नाही.

त्यानंतर त्याने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सूर्य बुडाला की दिवसावर फुली मारायला सुरुवात केली. सुमन चिडायची, "अजून माझा स्वयंपाक व्हायचाय, आणि तू दिवस संपवतोस?"

गेल्या आठवड्यात मी कालगुर्लीला गेलो. हॉस्पिटलच्या कागदावर तो गेल्याचा वार गुरुवार आहे. त्या संध्याकाळी फुली मारून तो व्हरांड्यात जाऊन बसला, तो उठलाच नाही. वर्षश्राद्धासाठी भटजींना तिथी सांगायची म्हणून सुमन कॅलेंडरसमोर उभी होती.

"गुरुवार त्याने पुरा केला बघ," फुलीवर बोट ठेवून ती म्हणाली. "तो शुक्रवारी गेला..."