आधी मातीला लागलेला चेंडू

माझा चेंडू बॅटवाल्याच्या मांडीला लागला अन् त्यो तडक आडावर गेला. पॅडं सोडली. सदरा काढला. भरल्या मैदानात, समद्यांच्या समोर, चार बादल्या पानी डोक्यावरनं ओतून घेतलं. खेळ थांबला. मी मधोमध तसाच उभा. कुनी हसलंबी न्हाय. हसले असते तर बरं झालं असतं.

निजामाचं राज्य व्हतं. धाराशिवात वकील-अधिकाऱ्यांचा क्रिकेटचा क्लब व्हता, अन् त्या दिवशी सामना तुळजापूरच्या कारकुनांशी. मी चांभाराचा. क्लबाचा चेंडू उसवला की माझा बाप शिवायचा, अन् त्योच चेंडू मी टाकायचो. लई जोरात टाकायचो. जिल्ह्यात माझ्यावानी टाकनारा दुसरा न्हवता, छाती ठोकून सांगतो. म्हनून तर घेतलं, न्हायतर मला कशाला उभं करतायत!

पर आमचे कॅप्टन वकीलसाहेब. त्यांचा एक नेम व्हता. माझ्या हातातला चेंडू आधी मातीला लागला पायजे. मातीनं विटाळ फिटतो म्हने. टप्पा पडला की मग बॅटवाल्याच्या अंगाला लागला तरी चालतंय. टप्प्याबिगर टाकायचा न्हाय. मलाबी चेंडू कुनी हातात देत न्हवतं, पायानं ढकलायचे. पाच सालं म्या हे चालवून घेतलं. येडाच व्हतो. खेळाया मिळतंय ह्यातच खूष.

त्या दिवशी गुलबर्ग्याहून एक साहेब आला व्हता, सुभ्याच्या संघासाठी मानसं निवडाया. मला जायचं व्हतं हो. लई जायचं व्हतं. सहा विकेट काढल्या म्या. सातव्याच्या टायमाला घामानं बोटं निसटली, अन् चेंडू टप्पा न पडता सरळ मांडीवर.

त्यो आडावर अंघोळ करत व्हता तवर साहेब खुर्चीवरनं उठून आला. "वकीलसाब, ये गेंदबाज कौन है?"

वकीलसाहेब हसले. "वो? रोलर खींचनेवाला है हमारा. आज एक आदमी कम था."

साहेबानं विकेटीचं बुक मागवलं. माझ्या सहा विकेटींपुढं लिवलेलं नाव मोठ्यानं वाचलं. वकीलसाहेबांच्या भाच्याचं! त्यो भाचा सकाळपासनं सीमेवर उभा, एक चेंडू टाकला न्हवता त्यानं. साहेबानं माझ्याकडं बघितलं, बुकाकडं बघितलं. त्याला समदं दिसत व्हतं. डोळ्यानं बघितलं व्हतं त्यानं. तरी बुक मिटलं अन् म्हनला, "ठीक है."

"साहेब, त्या विकेटी माझ्या हायत," मी म्हनलो.

"तोंड सांभाळ," वकीलसाहेब म्हनले. "आधी ज्यांना विटाळ झाला त्यांच्यासमोर नाक घास. मग पुढचा टाक." अन् चेंडू पायानं माझ्याकडं ढकलला.

म्या उचलला. नाक घासलं तर उद्याबी खेळाया मिळंल. न्हाय घासलं तर संपलं. म्या चेंडू वकीलसाहेबांपुढं धरला. "हातात घ्या. अन् मला परत हातात द्या. मग टाकतो."

त्यांनी दोनी हात पाठीमागं बांधले. "खाली ठेव."

"न्हाय."

दहा मानसं माझ्या संघातली. पाच सालं त्यांना जिंकून दिलं म्या. एकाचाबी हात पुढं आला न्हाय. मी चेंडू घेऊन घरी गेलो, तर पाठोपाठ वकीलसाहेबांचा शिपाई: चेंडू परत आला न्हाय तर वकीलसाहेब चोरीची फिर्याद करनार म्हनला.

दुसऱ्या दिवशी बाप वकिलाच्या घरी गेला. त्यानं चेंडू पायरीखाली ठेवला, अन् माझ्या बदली नाक घासलं. मी रस्त्यावर उभा राहून बघितलं. मला काय बी करता आलं न्हाय. गुलबर्ग्याला भाचा गेला.

बापाच्या नाकाला माती तशीच व्हती. धोतराच्या सोग्यानं मीच पुसली. म्हनलं, "बा, ह्या घरातलं जमिनीला लागलेलं हे शेवटचं नाक. पुढं कुनाला माझ्याकडनं काय पायजे असंल तर माझ्या हातातनं घ्यावं लागंल. चपला असू द्या न्हायतर पानी. मी खाली ठेवनार न्हाय. उपाशी मेलो तरी न्हाय."