बंद किनाऱ्यावरचे हातवारे

ती घटना आठवली की आजही माझा घसा दुखतो. नोकरीत मी भलेभले आरोपी बोलते केले, पण चौकशीत साहेबाचाच आवाज बसला, असं प्रकरण हे एकच.

पावसाळ्याचे दिवस होते. सुरतेच्या आमच्या हद्दीतला समुद्रकिनारा जाहीरनाम्याने बंद होता. बंद म्हणजे पार्किंगपाशीच आडवा दोर, एक पाटी आणि दोराला टेकून पेंगणारा होमगार्ड. त्या वर्षी समुद्र इतका गर्जत होता की कामरेजच्या म्हशींनी पान्हा चोरला म्हणतात. कामरेज समुद्रापासून किती लांब आहे ते मला ठाऊक आहे. मी ऐकलेलं सांगतो.

खबर आणली एका भजीवाल्याने. किनारा बंद म्हणून त्याची गाडीही बंद, आणि धंदा नसलेल्या माणसाला जिकडेतिकडे गुन्हे दिसतात.

"साहेब, दर मंगळवारी एक म्हातारा नि एक म्हातारी दोर ओलांडून जातात. लांब लांब उभे राहतात नि जहाजांना इशारे करतात. माल उतरणार बघा."

दारूबंदीच्या गुजरातेत माल म्हणजे काय, ते सांगायला नको.

मंगळवारी दुपारी आम्ही सुरूच्या झाडांआड दबा धरला. खबर पक्की निघाली. म्हाताऱ्याने दोन बोटं वर केली, मनगट फिरवलं. पलीकडून म्हातारीने तळहातावर मूठ आपटली आणि हात समुद्राकडे केला. लांबवर एक जहाज नांगरलेलं होतं. त्याने त्याच क्षणी भोंगा दिला, असं मी अजूनही शपथेवर सांगेन.

"साहेब, पाकुं थई गयुं," हवालदार म्हणाला. पक्कं झालं. आम्ही झडप घातली.

ठाण्यावर रीतीप्रमाणे दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. मूळचे खानदेशचे, राहायला डिंडोलीत, दोघांचीही हयात बमरोलीच्या पॉवरलूमवर गेलेली. म्हातारा ठार बहिरा. मी ओरडून विचारलं, "जहाजावर माणूस आहे का तुमचा?" त्याने हसून मान डोलावली. हवालदाराने कबुली लिहायला पेन उघडलं. मी विचारलं, "चंद्रावर जाऊन आलात का?" त्यालाही त्याने तशीच मान डोलावली. हवालदाराने पेन बंद केलं. तोवर माझा आवाज फाटला होता.

म्हातारीकडे गेलो. "मावशी, कुणाला इशारे करत होतात?"

"आम्ही भांडी ऱ्हायनूत, साहेब."

"नवराबायकोला भांडायला डिंडोलीहून इतक्या लांब यावं लागतं?"

"घरमा एकच खोली. ह्यास्ले ऐकू येत नही. मी वरडस तं पोरगा ऐकस, सून ऐकस, सारी गल्ली ऐकस."

"भांडण कशाचं?"

"ते तुमले सांगानं ऱ्हातं तं घरमाच नही का सांगतू?"

माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. एक सगळंच कबूल करतो, दुसरी काहीच सांगत नाही. त्यात वीज गेली. शिपायाने जनरेटर सुरू केला. आमचा जनरेटर लागला की कोठडीतले आरोपी दुसऱ्या ठाण्यात बदली मागायचे. त्यावर व्हरांड्यातला एकच दिवा लागायचा, म्हणून उजेडासाठी खोल्यांची दारं उघडली आणि सगळं ठाणं गप्प झालं, कारण कुणाचं कुणाला ऐकूच येईना. बोलत होती फक्त ती दोघं. या खोलीतून त्या खोलीत, हातांनी. मी मधल्या व्हरांड्यात उभा राहून इकडून तिकडे मान फिरवत होतो.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझे वडीलही लूमवरच होते. कारखान्याच्या खडखडाटात कुणी तोंडाने बोलत नाही. ते घरी आल्यावरसुद्धा मीठ हाताने मागायचे. या दोघांचा अर्धा संसार लूमच्या दोन रांगांच्या मधून असाच झाला होता. गर्जणारा समुद्र त्यांना कारखान्यासारखा वाटायचा. तिथे सगळेच बहिरे.

वीज आल्यावर मी वडिलांचं सांगितलं, तशी म्हातारी आपण होऊन बोलली. मुलाने बापाला दुसऱ्याच दिवशी गावी काकांकडे पाठवायचं ठरवलं होतं. आईने मात्र नातवंडांसाठी इथेच राहायचं. ती म्हणत होती, मीही येते. म्हातारा ऐकेना: तू राहा, पोराचा संसार मोडू नको.

"सकाळे पोरगा ह्यास्ले गाडीमा बसाडी दी, साहेब. अन् भांडण अर्धच ऱ्हायनं."

"जनरेटर परत लावू?"

"इथं? सारा हवालदार देखतस."

दोघांना जीपमध्ये घालून मी किनाऱ्यावर नेलं आणि दोर स्वतः सोडला. होमगार्ड माझ्याकडे बघतच राहिला. सवयीने दोघं लांब जाऊन उभे राहिले. बराच वेळ तिचेच हात चालले. शेवटी म्हाताऱ्याने अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून पीळ दिला. तिचे हात खाली आले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"गाठ मार म्हने. धागा तुटना तं कापड फेकतस का, साहेब? आते दोन्हीजन जासूत."

तो दोर मी पुन्हा पार्किंगपाशी बांधू दिला नाही, भरतीच्या रेषेपाशी नेला. पोहणं बंद म्हणजे किनारा बंद, असं आम्ही धरून चाललो होतो. माणूस समुद्रावर फक्त भिजायला जात नाही, हे मला त्या खटल्याने शिकवलं. हो, खटलाच, फक्त तो आमच्याकडे नोंदवलेला नव्हता.

परतीच्या वाटेवर आरशात पाहिलं. मागे दोघं समोरासमोर बसले होते आणि हात पुन्हा सुरू झाले होते. विषय काय, ते मी विचारलं नाही. ड्रायव्हरला एवढंच म्हणालो, डिंडोलीपर्यंत पहिल्या गिअरमध्येच घे. आमची जीप त्या गिअरमध्ये सगळ्यात जास्त ओरडायची.