नाताळातले आंबे
बेनिशान आंब्यांचा वास आला की मला हैदराबादमधला एक नाताळ आठवतो, भर मे महिन्यात केलेला. मित्राची आई पुढचा महिना काही काढणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. औषधांच्या गुंगीत त्यांना दिवस-महिन्यांचं भान उरलं नव्हतं, म्हणून तो म्हणाला, अम्माचा नाताळ आत्ताच करू. आम्ही मित्रांनी त्यांच्या खोलीला जाड पडदे लावले, एसी अठरावर ठेवला, कागदी तारा टांगला. आणलेल्या मेणबत्त्या वाटेतच उन्हाने वाकल्या होत्या, त्याही लावल्या. आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मी मूर्खाने सुलतान बाजारातल्या गाड्यावरून आंबेही नेले होते. केक कापला, गाणं सुरू झालं आणि माझ्या पिशवीतला वास त्या बंद खोलीत भरून राहिला. अम्मांनी डोळे उघडले. "डिसेंबर में बेनिशान?" गाणं थांबलं. त्यांनी मुलाचा हात धरून हळूच विचारलं, "मेरेकू उत्ता टाइम नै, ना?" डिसेंबर गाठण्याइतका वेळ आपल्याकडे नाही ना, असं. तो त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत राहिला. आजही तो दर नाताळला मला आग्रहाने जेवायला बोलावतो. उन्हाळ्यात मात्र कधीच नाही.